‘तात्पुरत्या’ रस्त्याचा हिशेब

एखाद्या जंगलातल्या डोंगरात लोहखनिज किंवा बॉक्साइट असावे असा अंदाज भूवैज्ञानिकांनी बांधला, की पुढचे काम बोअर घेण्याचे असते. जमिनीत खोलवर भोक पाडून खडकाचे नमुने वर काढायचे, ते तपासायचे आणि खनिज किती व कोणत्या प्रतीचे आहे ते ठरवायचे. बोअरचे यंत्र बहुधा ट्रकवर बसवलेले असते आणि ट्रक पायवाटेने जात नाही. म्हणून रस्ता करावा लागतो. काम संपले की तो लागणार नाही, म्हणून कागदोपत्री त्याचे नाव असते ‘तात्पुरता पोच रस्ता’.

हा शब्द इतका साधा आहे की वाचणारा तिथे थांबत नाही. या लेखात आम्ही तिथेच थांबणार आहोत. आमचा आक्षेप असा, की असे रस्ते ज्या पद्धतीने आखले आणि मंजूर केले जातात, त्या पद्धतीत चुकीच्या गोष्टी मोजल्या जातात. रस्त्याचे क्षेत्रफळ मोजले जाते आणि मुदत लिहिली जाते. पण रस्त्याचा परिणाम त्याच्या क्षेत्रफळात मावत नाही आणि मुदतीबरोबर संपतही नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे आणि तिथल्याच एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे लोहखनिज आहे. सिंधुदुर्गातला दोडामार्ग तालुका आणि लगतचा गोवा यांचीही तीच स्थिती. खनिज आणि जंगल एकाच डोंगरावर.

आधी एक खुलासा. खाणी नकोतच, असे आमचे म्हणणे नाही. वर्गातल्या बाकाचे खिळे, मुलांच्या सायकली, शाळेच्या छपरावरचे पत्रे ही सगळी कुठल्या तरी डोंगरातून आलेली आहेत. शोध नीट झाला तर खनिज नसलेली जमीन उगाच खणली जाणार नाही, हेही खरे. प्रश्न आहे तो हिशेब नीट मांडण्याचा.

भोक चार इंचांचे, रस्ता सात किलोमीटरचा

हिशेब अगदी सोपा आहे. आठवीतल्या मुलांनाही जमेल. समजा, एक चौरस किलोमीटर जंगलात दर २०० मीटरवर एक याप्रमाणे चौकोनी जाळी आखून बोअर घ्यायच्या आहेत. कडेच्या धरून एका ओळीत सहा आणि अशा सहा ओळी, म्हणजे एकूण ३६ बोअर झाल्या. प्रत्येक भोकाचा व्यास सुमारे चार इंच, म्हणजे १० सेंटिमीटरच्या आसपास. एका भोकाचे क्षेत्रफळ साधारण ८० चौरस सेंटिमीटर भरते. छत्तीस भोकांचे मिळून झाले सुमारे ०.२९ चौरस मीटर. उघडून पसरलेले वर्तमानपत्रही याहून मोठे असते.

आता या ३६ ठिकाणी यंत्र न्यायचे आहे. जाळीच्या रेषांवरून जायचे, तर ३६ ठिकाणे एकमेकांना जोडण्यासाठी निदान ३५ जोड लागतील. प्रत्येक जोड २०० मीटरचा, म्हणजे एकूण सात किलोमीटर. रस्ता चार मीटर रुंद धरला, तर क्षेत्र झाले २८,००० चौरस मीटर किंवा २.८ हेक्टर. भोकांच्या क्षेत्रफळाशी तुलना केली तर रस्ता जवळजवळ एक लाख पट मोठा! याला शोधकाम म्हणायचे की रस्तेबांधणी? ‘आम्ही फक्त काही भोके पाडणार आहोत’ हे वाक्य खोटे नाही, पण मोठी गोष्ट त्यात सांगायची राहून जाते.

हा हिशेब सपाट जमिनीचा झाला. डोंगरावर ट्रक सरळ चढत नाही. १५ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा चढ घेतला तर ६० मीटर उंची गाठायला ९०० मीटर रस्ता लागतो. तीन मीटरला एक मीटर चढणाऱ्या डोंगरावर हेच नकाशातले अंतर १८० मीटर असते. म्हणजे रस्ता नागमोडी होऊन पाचपट वाढला.

चार मीटरचा रस्ता, आठ मीटरची जखम

रुंदीचेही तसेच आहे. आलेख कागदावर उतारावरच्या रस्त्याचा छेद काढून पाहावा. समजा, डोंगर दोन मीटरला एक मीटर चढतो आहे. (०,०) पासून (८,४) पर्यंत रेषा काढली की डोंगराचा उतार मिळाला. आता (०,०) पासून (४,०) पर्यंत आडवी रेषा काढा. हा आपला चार मीटरचा रस्ता. रस्त्याच्या आतल्या कडेला डोंगर कापावा लागतो. ती कापणी ४५ अंशांनी तिरपी ठेवली, तर (४,०) पासून निघालेली रेषा डोंगराला (८,४) येथे मिळते. म्हणजे चार मीटर रुंदीच्या रस्त्यासाठी आठ मीटर रुंदीचे जंगल खरवडले गेले आणि चार मीटर उंचीची उघडी दरड तयार झाली.

या त्रिकोणाचे क्षेत्रफळ ८ चौरस मीटर आहे. म्हणून रस्त्याच्या प्रत्येक मीटरमागे ८ घनमीटर आणि किलोमीटरमागे ८,००० घनमीटर माती-दगड निघतात. दहा घनमीटरच्या गाडीच्या या ८०० खेपा झाल्या. त्या कोठे टाकणार? प्रस्तावात याचे उत्तर नसले तर बुलडोझर ते देतो. माती उताराखाली लोटली जाते, झाडांच्या बुंध्यांशी साठते आणि पहिल्या पावसात ओढ्याला मिळते. आठ मीटरच्या जखमेत ही खालची पट्टी आम्ही अजून धरलेलीच नाही.

पाण्याची नवी वाट

जंगलातली जमीन पाऊस पिते. वर पाचोळा, खाली गांडुळांची व मुळांची भोके आणि भुसभुशीत माती. तीच माती ट्रकच्या चाकांखाली दाबली गेली की तिच्यातल्या पोकळ्या मिटतात आणि पाणी मुरेनासे होते.

एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही कोकणात किंवा गडचिरोलीत पावसाळ्यातली नवलाची गोष्ट नाही. एक किलोमीटर लांब आणि चार मीटर रुंद रस्त्यावर तेवढा पाऊस पडला तर पाणी होते चार लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. ते मुरले नाही तर वाहणार, आणि वाहणार तेही पसरून नव्हे, तर चाकोऱ्यांमधून. ‘चाकोरी’ हा शब्द आपण सवयीच्या वागण्यासाठी वापरतो. त्याचा मूळ अर्थ चाकांनी पडलेली खोलगट रेघ. त्या रेघेतून धावणारे पाणी माती कापत जाते आणि तिची घळ होते. शिवाय डोंगर कापल्यामुळे मातीतून हळूहळू खाली झिरपणारे पाणी दरडीतून बाहेर येते आणि तेही रस्त्याने वाहू लागते. खालच्या गावाचा झरा डिसेंबरात आटू लागला तर त्याचा संबंध वरच्या रस्त्याशी कोण जोडणार?

कडेचे शास्त्र

जंगलाला आतला भाग असतो आणि कड असते. कडेला ऊन, वारा, उष्णता जास्त आणि ओलावा कमी असतो. रस्ता काढला की आतल्या भागात दोन नव्या कडा तयार होतात. ब्राझीलमध्ये मानाउसजवळ १९७९ पासून जंगलाच्या तुकड्यांचा दीर्घकाळ अभ्यास चालू आहे. कडेचे काही परिणाम १०० मीटर आणि त्याहूनही आत पोहोचतात, असे त्यात दिसले. आपण १०० मीटरच धरू. एक किलोमीटर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून २० हेक्टर जंगल बदलाच्या कक्षेत येते. कागदावर लिहिलेले असते ०.४ हेक्टर. आपल्याकडच्या पानझडी जंगलात हा आकडा वेगळा येईल, पण तो ०.४ नक्कीच नसेल.

या कडेवरून पाहुणे आत शिरतात. रानमोडी, घाणेरी, गाजरगवत यांना उघडी जमीन आणि ऊन हवे असते; बिया चाकांच्या चिखलातून येतात. झाडांवरूनच फिरणारा शेकरू साधारण सहा मीटरपर्यंत उडी मारतो. आठ मीटरची फट मधे आली तर त्याला खाली उतरावे लागते आणि तिथे कुत्रा किंवा बिबळ्या वाट पाहत असू शकतो. पुढे याच वाटेने लाकूडतोडे येतात, शिकारी येतात, वणवाही येतो.

मुदत संपते, रस्ता उरतो

‘पण काम झाल्यावर झाडे पुन्हा वाढतीलच की!’ असे कोणी म्हणेल. या प्रश्नाचे उत्तर ज्या देशांनी आपल्या आधी असे रस्ते काढले, त्यांच्याकडे मिळते. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात तेलाच्या शोधासाठी जंगलात कित्येक मीटर रुंदीच्या सरळ पट्ट्या कापल्या गेल्या. काम तात्पुरतेच होते. अनेक पट्ट्यांवर काही दशकांनंतरही जंगल परत आलेले नाही. लांडग्यांना मात्र चालायला सोपे रस्ते मिळाले. ते वेगाने व दूरवर जाऊ लागले आणि कॅरिबू या हरणांची संख्या घटण्यामागे हे एक कारण ठरले. आता या पट्ट्या पुन्हा बुजवण्यावर तिथे मोठा खर्च होत आहे. अ‍ॅमेझॉनच्या जंगलाविषयी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की, तिथली सुमारे ९५ टक्के जंगलतोड रस्त्यापासून ५.५ किलोमीटर किंवा नदीपासून एक किलोमीटरच्या आत झालेली आहे. यात सरकारी नोंद नसलेले रस्तेही धरलेले आहेत.

म्हणजे रस्ता करणाऱ्याची गरज तात्पुरती असते. दाबलेल्या मातीला, घळीला आणि रानमोडीला ती मुदत लागू होत नाही. ‘तात्पुरता’ हा रस्त्याचा गुण नाही. तो पुसून टाकण्याचे ते एक वचन आहे, आणि पाळले जाईल की नाही हे तपासता येईल अशा रीतीने ते लिहिलेले असले पाहिजे.

कायदा काय मोजतो?

१९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाने वनजमीन वनेतर कामासाठी वापरण्याआधी केंद्र सरकारची मंजुरी आवश्यक केली. हा मोठाच बदल होता. २०२३ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. १ डिसेंबर २०२३ पासून ती लागू आहे. तिच्यानुसार खनिजांचा शोध, सर्वेक्षण यांसारखी कामे केंद्र सरकार ठरवील त्या अटींवर ‘वनेतर काम’ मानली जाणार नाहीत. प्रत्यक्ष खाणीला मंजुरी लागतेच. पण वरचा हिशेब आठवा. शोधकामातला मोठा भाग भोकांचा नसून रस्त्यांचा असू शकतो. अटी कितीही कडक असल्या, तरी एक मोठा रस्तेप्रकल्प ‘सर्वेक्षण’ या शब्दाच्या आड उभा राहू शकतो, ही या रचनेतली उणीव आहे.

याच्या शेजारी दुसरा कायदा ठेवून पाहू. २००६ च्या वनहक्क कायद्यात जंगलातल्या गावांसाठी तेरा प्रकारच्या सोयींना वनजमीन देण्याची तरतूद आहे. त्यात शाळा आहे, दवाखाना आहे आणि रस्ताही आहे. अट अशी की, प्रत्येक सोयीला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे गावाला स्वतःची शाळा बांधायची तर ग्रामसभेला विचारायचे हे कायद्याच्या कलमातच लिहिले आहे. बोअरच्या गाडीच्या रस्त्यासाठीही तीच कसोटी का नसावी? ओडिशातल्या नियमगिरीवर बॉक्साइटची खाण हवी की नको, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ साली १२ ग्रामसभांना विचारले गेले आणि सर्वांनी नकार दिला. असा प्रश्न विचारायची वेळ रस्ते होऊन गेल्यावर आली, तर नकाराला निम्माच अर्थ उरतो.

पैशाचा हिशेबही हेक्टरवरच चालतो. वनजमीन वळवताना भरायच्या ‘निव्वळ वर्तमान मूल्या’चे २००८ साली मान्य झालेले दर जंगलाच्या प्रकार व घनतेनुसार हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख रुपये होते. २०२२ साली ते वाढवण्यात आले. मूल्य ठरवण्याची कल्पना चांगली आहे. पण डोंगराच्या धारेवरून जुन्या बैलगाडीवाटेने नेलेला एक किलोमीटर आणि तीन ओढे तोडून नेलेला एक किलोमीटर, दोन्ही ०.४ हेक्टरच. जंगल एकाच प्रकारचे असेल तर पैसेही तेवढेच. चांगली आखणी करणाऱ्याला बक्षीस नाही आणि वाईट आखणी करणाऱ्याला दंड नाही.

चांगला आराखडा कसा असेल?

पहिला प्रश्न असा हवा : रस्ता खरोखर लागतो का? सुटे करून माणसांनी उचलून न्यायची हलकी बोअरयंत्रे उपलब्ध आहेत. ती सगळीकडे चालणार नाहीत. पण ती का चालणार नाहीत, हे लिहावे तरी. रस्ता लागणारच असेल तर निदान दोन-तीन पर्यायी मार्ग नकाशावर दाखवून त्यांची तुलना हवी : लांबी, कापणीची माती, तोडावी लागणारी झाडे, ओलांडायचे ओढे. जुन्या वाटांचा वापर आधी. ओढ्याकाठची जमीन शेवटी.

दुसरे म्हणजे ऋतू. काम पावसाळ्यानंतर सुरू करून पुढच्या पावसाआधी रस्ता पाणी काढून देण्याजोगा झालाच पाहिजे. त्यासाठी रस्त्यावर ठराविक अंतराने आडवे चर हवेत. चढ जितका जास्त तितके ते जवळजवळ. ओढ्यावर मातीचा भराव टाकून भागवू नये.

तिसरे, माती. वरच्या वीतभर थरात बिया, मुळे आणि जीवजंतू असतात. तो थर वेगळा काढून कमी उंचीच्या ढिगात जपावा आणि शेवटी पुन्हा वरच पसरावा. खालची माती वर आणि वरची खाली झाली, तर पुढची कित्येक वर्षे तिथे फक्त तण उगवते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रस्ता उघडण्याआधी तो बंद करण्याचा आराखडा हवा. खाणींसाठी खाणबंदीचा आराखडा आज सक्तीचा आहेच. तेच तत्त्व इथे लावावे. मुरूम कोण उचलणार, दाबलेली जमीन कोण सैल करणार, तोंडाशी दगड व ओंडके टाकून वाहने कोण अडवणार, तीन किंवा पाच पावसाळ्यांनंतर पाहणी कोण करणार, हे नावानिशी व तारखेनिशी लिहावे. आणि त्यासाठीची अनामत आधीच भरून घ्यावी.

गावाला रस्ता हवा असेल तर?

इथे एक अडचणीचा प्रश्न येतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जंगलातल्या पुष्कळ गावांना पावसाळ्यात रस्ताच नसतो. आजारी माणसाला खाटेवर घालून न्यावे लागते. शिक्षकही ओढा उतरण्याची वाट पाहत अडकतात. अशा गावाला बोअरच्या गाडीसाठी झालेला रस्ता देवासारखा वाटला तर आश्चर्य नाही. तो बंद करा असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगायचे?

आमचे उत्तर असे, की गावाची गरज खरी असेल तर ती उघडपणे मांडली जावी आणि कायमचा रस्ता म्हणूनच त्याची आखणी व्हावी. तो गावापासून दवाखान्यापर्यंत आणि बाजारापर्यंत जावा, त्यावर मोऱ्या असाव्यात, डागडुजीची तरतूद असावी. बोअरचा रस्ता खनिजाकडे जातो. गावाजवळून गेला तर तो योगायोग. मोऱ्या नसलेला तो रस्ता दोन पावसाळ्यांत वाहून जातो. मग गावाच्या वाट्याला ना रस्ता उरतो, ना आधीचे जंगल.

वर्गात करून पाहण्यासाठी

एक : दुधाच्या भुकटीचा डबा घेऊन त्याचे बूडही कापून काढा. कापलेल्या कडांना हात लागणार नाही अशी काळजी घ्या. हा डबा मैदानातल्या रुळलेल्या वाटेवर तीन-चार सेंटिमीटर रुतवा, एक लिटर पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजा. मग हेच कुंपणाजवळच्या झाडाखाली, पाचोळ्यातल्या जमिनीवर करा. दोन्ही वेळांची तुलना करा. वाट किती वर्षांपूर्वी पडली आणि ती वापरायची बंद केली तर जमीन कधी पूर्ववत होईल, यावर मुलांना अंदाज बांधू द्या.

दोन : १:५०,००० प्रमाणाचा डोंगराळ भागाचा स्थलनिर्देशक नकाशा घ्या. त्यावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. १५ ला १ चढाने २० मीटर चढायला ३०० मीटर लागतात, म्हणजे नकाशावर ६ मिलिमीटर. कर्कटक ६ मिलिमीटरवर ठेवा आणि एका समोच्च रेषेवरून पुढच्या रेषेवर टप्पे घेत डोंगरमाथ्यापर्यंत चढा. रस्ते आखणारे अभियंते कागदावर सुरुवात अशीच करतात. प्रत्येक गटाला वेगळा मार्ग काढू द्या आणि मग विचारा : कोणाचा रस्ता किती ओढे ओलांडतो? कोणाचा गावाच्या झऱ्याच्या वर येतो? लांबी सारखी असूनही कोणता मार्ग बरा, आणि का?

हा शेवटचा प्रश्न मंजुरीच्या कागदांत क्वचितच विचारला जातो. आपल्या वर्गातली काही मुले उद्या वनखात्यात जातील, काही खाणकंपनीत, काही ग्रामसभेत बसतील. ‘तात्पुरता’ हा शब्द समोर आल्यावर त्यांनी कर्कटक काढून मोजायला सुरुवात करावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.